फुल-फेस मास्क: केमिकल कारखान्यात तो कसा वापरायचा आणि कसा सांभाळायचा

लोटे, महाड, तारापूर, कुरकुंभ, कुठल्याही एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यात गेलात तर चेंजिंग रूममध्ये खिळ्याला लटकलेला फुल-फेस मास्क, म्हणजे सबंध चेहरा झाकणारा मास्क, दिसतो. पट्ट्याने टांगलेला, कार्ट्रिज (हवा गाळणाऱ्या कोळशाच्या डब्या) तशाच लावलेल्या, काचेवर वाळलेले ओघळ. ड्रम ओतायचा असो, रिअ‍ॅक्टरला चार्जिंग असो, सॅम्पल काढायचं असो की टँकर रिकामा करायचा असो, हाच मास्क चढवून माणूस कामाला लागतो आणि आपण सुरक्षित आहोत असं धरून चालतो. पण असा टांगलेला मास्क आज हवा अडवेल की नाही, हे घालून तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. मास्क एकदा विकत घेतला की काम झालं, असं नसतं. तो दरवेळी तपासावा लागतो आणि त्या तपासणीला दोन मिनिटंही लागत नाहीत.

या मास्कच्या तीन जागा राखायच्या असतात. चेहऱ्याला टेकणारी रबराची किंवा सिलिकॉनची कड, म्हणजे सील. हवा एकाच दिशेने जाऊ देणारे व्हॉल्व्ह. आणि कार्ट्रिज. यातली एक जरी चुकली तरी बाकीच्या दोन कितीही चांगल्या असल्या तरी उपयोग नाही, कारण श्वास आत ओढताना मास्कच्या आत दाब कमी होतो आणि हवा सगळ्यात सोप्या वाटेने आत शिरते. कार्ट्रिजमधला कोळसा हवेला अडथळा करतो. कडेची फट करत नाही.

कुठे हा मास्क चालतच नाही

हा मास्क हवा तयार करत नाही. भोवती आहे तीच हवा गाळून देतो. त्यामुळे जिथे ऑक्सिजनच कमी आहे तिथे तो घालणं म्हणजे काहीच न घालण्यासारखं आहे. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कार्ट्रिजचा मास्क घालून आत जायचं नाही. नायट्रोजनने ब्लँकेट केलेला, म्हणजे आत नायट्रोजन भरून ठेवलेला, रिअ‍ॅक्टर, रिकामी स्टोरेज टाकी, ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरणाचा) सम्प, ड्रेनेजचा चेंबर, या सगळ्या याच जागा. नायट्रोजनला वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, घुसमटही होत नाही. ऑक्सिजन फारच कमी असेल तर एक-दोन श्वासांत शुद्ध जाते. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. अशा ठिकाणी बाहेरून हवा देणारी एअरलाइन किंवा पाठीवरच्या सिलिंडरचा सेट, गॅस डिटेक्टरचं रीडिंग, आत उतरायचं परमिट आणि बाहेर टाकीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस हवाच.

कार्बन मोनॉक्साइडसाठीही नेहमीची कार्ट्रिज निरुपयोगी आहे; कोळसा तो वायू धरतच नाही. एमडीसी, म्हणजे मेथिलीन डायक्लोराइड, इतक्या लवकर कोळशातून पार होतो की त्याच्या कामाला नेहमीची ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज लावू नये, एअरलाइन घ्यावी. मेथॅनॉलचंही तसंच. औषध कारखान्यांत हे दोन्ही सॉल्व्हंट रोजचे असल्यामुळे ही गोष्ट मुद्दाम वर सांगितली.

हायड्रोजन सल्फाइडचा वेगळा धोका आहे. कुजक्या अंड्याचा वास थोड्या प्रमाणात लगेच येतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून गॅस गेला असं समजणारा माणूस तेव्हा सगळ्यात मोठ्या धोक्यात असतो.

किती गॅसपर्यंत

व्यवस्थित बसवलेल्या फुल-फेस मास्कला ५० चा संरक्षण गुणांक धरतात, अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कला १०. म्हणजे बाहेरच्या हवेत जितकं प्रमाण आहे त्याचा पन्नासावा भाग आत येईल, असं धरून चालायचं. पण ५० ने गुणून मोकळं होता येत नाही. अमोनियाची आठ तासांची मर्यादा २५ पीपीएम. पन्नास पट केली तर १२५० येते. मात्र अमोनियाची आयडीएलएच पातळी ३०० पीपीएम आहे. आयडीएलएच म्हणजे जिथे मास्क निकामी झाला तर जीव किंवा सुटकेची ताकद लगेच जाऊ शकते ती पातळी. तिथे कार्ट्रिजचा मास्क बाद. म्हणून अमोनियासाठी कमाल आकडा १२५० नाही, ३०० आहे. टोल्युइनची आयडीएलएच ५००, सल्फर डायऑक्साइडची १००, क्लोरिनची अवघी १० पीपीएम. क्लोरिनचा टनर (टनाचा मोठा सिलिंडर) जोरात गळायला लागला तर दोन कार्ट्रिज लावून व्हॉल्व्ह बंद करायला धावायचं नाही. तो मास्क बाहेर पळण्यापुरता आहे. गळती बंद करायला सिलिंडर सेट घातलेली प्रशिक्षित माणसं लागतात.

हवेत किती प्रमाण आहे हेच माहीत नसेल तर गणितच होत नाही. डिटेक्टर किंवा डिटेक्टर ट्यूबने मोजून घ्या. अंदाजाने कार्ट्रिज निवडू नका.

कार्ट्रिजचा रंग: इथे घोटाळा होतो

आपल्या बाजारात अमेरिकन पद्धतीच्या आणि युरोपीय पद्धतीच्या अशा दोन्ही कार्ट्रिज मिळतात आणि त्यांचे रंग एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकन पद्धतीत ऑरगॅनिक व्हेपर काळी, अ‍ॅसिड गॅस पांढरी, दोन्ही मिळून पिवळी, अमोनिया हिरवी, मल्टी गॅस ऑलिव्ह, आणि पी-१०० धूळफिल्टर जांभळा-गुलाबी. युरोपीय पद्धतीत ए प्रकार, म्हणजे ६५ अंशांच्या वर उकळणारी ऑरगॅनिक वाफ, तपकिरी; बी म्हणजे क्लोरिनसारखे इनऑरगॅनिक वायू, राखाडी; ई म्हणजे सल्फर डायऑक्साइडसारखे अ‍ॅसिड वायू, पिवळी; के म्हणजे अमोनिया, हिरवी; आणि धुळीचा पट्टा पांढरा.

आता पिवळी घ्या. अमेरिकन पिवळी सॉल्व्हंटलाही चालते, युरोपीय पिवळी सॉल्व्हंटला चालत नाही. पांढरी घ्या. अमेरिकन पांढरी अ‍ॅसिड गॅसची, युरोपीय पांढरी निव्वळ धुळीची. स्टोअरमध्ये दोन कंपन्यांचा माल एकाच खोक्यात पडला आणि हेल्परने रंग बघून उचलला तर घात होतो. म्हणून रंगावर जाऊ नका, कार्ट्रिजच्या अंगावर छापलेलं वाचा, आणि एका कारखान्यात शक्यतो एकाच पद्धतीचा माल ठेवा. थ्रीएमच्या ६००० मालिकेत ६००१ ऑरगॅनिक व्हेपरची, ६००३ ऑरगॅनिक आणि अ‍ॅसिड गॅसची, ६००४ अमोनियाची, ६००६ मल्टी गॅसची. असे नंबर स्टोअरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत, कोणत्या कामाला कोणती हे मराठीत आणि हिंदीत लिहून लावावेत. दुसऱ्या कंपनीचा मास्क असेल तर तिचे नंबर. एका कंपनीची कार्ट्रिज दुसऱ्या कंपनीच्या मास्कवर जबरदस्तीने बसवू नये. फिरवून अडकली तरी मागून गळते. युरोपीय प्रमाणित गोल आट्यांच्या मास्कमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅनिस्टर (आट्यांनी बसणारी मोठी कार्ट्रिज) एकमेकांना चालतात, पण तेही आधी मास्कच्या पुस्तिकेत बघून.

युरोपीय कार्ट्रिजवर अक्षरापुढे १, २ किंवा ३ असा आकडा असतो. तो कार्ट्रिजची क्षमता सांगतो: १ असेल तर हवेतलं प्रमाण १००० पीपीएमपर्यंत, २ असेल तर ५००० पर्यंत. हा आकडा फक्त कार्ट्रिजचा आहे. आयडीएलएचची मर्यादा त्याच्याही आधी येते.

पावडर चार्ज करताना धूळ आणि वाफ दोन्ही असतात. तिथे नुसती गॅसची कार्ट्रिज पुरत नाही, तिच्यावर धुळीचा प्रीफिल्टर किंवा जोडीला पी-१०० लागतो. गाड्यांच्या टू-के पेंटच्या (हार्डनर मिसळून वापरायच्या) फवारणीलाही तसंच, कारण तिथे थिनरची वाफ आणि पेंटचे बारीक थेंब एकत्र असतात. त्या पेंटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा इशारा देणारा वास नसतो, आणि एकदा त्याने दमा लावला की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही त्रास होतो.

कार्ट्रिज कधी बदलायची

“वास यायला लागला की बदलायची,” हे उत्तर सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि ते चूक आहे. वास आला म्हणजे वायू आधीच आत आला. काहींचा वास धोक्याच्या पातळीच्या बऱ्याच वर गेल्यावर कळतो, काहींचा कळतच नाही. सर्दी झालेल्याला आणि वर्षानुवर्षं सॉल्व्हंटमध्ये काम केलेल्याला तर आणखी उशिरा. बदलायची वेळ कामाआधीच ठरलेली असली पाहिजे.

ऑरगॅनिक वाफेसाठी एक ढोबळ हिशोब वापरतात. पदार्थ ७० अंश सेल्सिअसच्या वर उकळणारा असेल आणि हवेत २०० पीपीएमपेक्षा कमी असेल तर साधारण कामाला कार्ट्रिज आठ तास टिकते. प्रमाण दहापट कमी झालं तर आयुष्य दहापट नाही, पाचपट वाढतं. काम जड असेल, श्वास दुप्पट लागत असेल, तर आयुष्य निम्मं. आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर पुन्हा निम्मं.

ही शेवटची गोष्ट कोकणात विसरून चालणार नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत लोटे आणि महाडला हवा ८५ टक्क्यांच्या वर असणं हे रोजचं आहे. कोळशाच्या ज्या बारीक छिद्रांत वाफ अडकायची तिथे पाणी जाऊन बसतं. टोल्युइन ११० अंशांना उकळतं. १५० पीपीएममध्ये उन्हाळ्यात एक पाळी जाणारी कार्ट्रिज पावसाळ्यात चार तासांत बदलावी लागते, आणि ड्रम ढकलायचं काम असेल तर त्याहूनही लवकर. म्हणजे पावसाळ्यात कार्ट्रिजचा साठा दुप्पट लागणार. हे खरेदी विभागाला मे महिन्यातच सांगून ठेवावं. नेमका आकडा हवा असेल तर थ्रीएम आणि एमएसए यांच्या वेबसाइटवर गणकयंत्र आहे. त्यात पदार्थ, प्रमाण, तापमान, आर्द्रता आणि कामाचा जोर घातला की तास मिळतात. ते वापरा आणि आलेल्या आकड्यातून थोडे तास राखीव म्हणून कमी करा.

दुसरी गोष्ट रात्रीची. ६५ अंशांच्या खाली उकळणारे पदार्थ, उदाहरणार्थ ५६ अंशांना उकळणारा अ‍ॅसिटोन, कोळशात एका जागी बसत नाहीत. कार्ट्रिज काढून ठेवली तरी आतल्या आत सरकत राहतात आणि सकाळी पहिल्या श्वासाला बाहेर येतात. काल अर्धा तासच वापरलेली कार्ट्रिज आज फसवते ती अशी. अशा पदार्थांची कार्ट्रिज एकाच पाळीत वापरून टाकायची. कितीही कमी वापरली असली तरी.

पाकीट फोडलं की कार्ट्रिजच्या अंगावर मार्करने तारीख, वेळ आणि कोणत्या केमिकलला वापरली ते लिहा. एका केमिकलची दुसऱ्याला नेऊ नका. दोन्ही बाजूंच्या नेहमी एकदम बदला. वापर झाल्यावर घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा, कारण उघडी ठेवलेली कार्ट्रिज कपाटातसुद्धा वाफ आणि ओल पीत राहते. पाकीट फोडून सहा महिने झाले असतील तर एकदाही वापरली नसली तरी बाद करा, आणि पुस्तिकेत त्याहून कमी मुदत दिली असेल तर ती पाळा. न फोडलेल्या पाकिटावर मुदत छापलेली असते ती बघा. धुळीचा फिल्टर मात्र वेगळा वागतो. तो भरला की श्वास ओढायला जड जातो, तेव्हा बदलायचा. तो झटकून, धुऊन किंवा एअर गन मारून पुन्हा वापरायचा नाही. एअर गनने त्याचे तंतू फाटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

चेहरा

मास्कची कड कपाळावरून, कानशिलांवरून, गालांच्या बाजूने, जबड्याखालून हनुवटीखाली जाते. या सबंध रेषेत कातडी आणि रबर यांच्यामध्ये काहीही नको. एक दिवसाची दाढीसुद्धा नको. खुंट ताठ असतात आणि रबराला कातडीपासून उचलून धरतात. ज्या दिवशी मास्कचं काम आहे त्या दिवशी सकाळी दाढी करून यायचं. मिशी चालते, कारण फुल-फेस मास्कमध्ये ती सीलच्या आत राहते, मात्र ती आतल्या व्हॉल्व्हपर्यंत पोचता कामा नये. कपाळावर येणारे केस मागे घ्या. डोक्याला चापून तेल असेल तर कड घसरते. कपाळावरचं भस्म, भंडारा, गंध पुसून घ्या. रुमाल, टोपी किंवा ओढणी पट्ट्यांच्या खाली नको. ती हवीच असेल तर मास्क चढवल्यावर वरून.

चष्म्याची दांडी कानाकडे जाताना नेमकी सीलमधून जाते. दांडी काढून, दोरा बांधून वगैरे उपाय करू नका. मास्कच्या आत बसणारी चष्म्याची फ्रेम मिळते, तिच्यात नंबर घालून घ्यावा.

मास्क लहान, मध्यम आणि मोठा अशा मापांत येतो. थ्रीएमचा ६७०० लहान, ६८०० मध्यम, ६९०० मोठा. खरेदीत सरसकट मध्यम मागवले जातात आणि बारीक चेहऱ्याच्या माणसाला, बायकांना तो कानशिलाशी उघडा राहतो. पट्टा आवळून माप बदलत नाही. आवळला की कड एका जागी दबते आणि दुसऱ्या जागी उघडते. कवळी काढली, दाढा पडल्या, वजन बरंच घटलं तर गालांचा आकार बदलतो. तेव्हा जुन्या मापावर विसंबू नका.

माप बरोबर आहे की नाही ते फिट टेस्टने ठरतं. डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी घालून आत कडू द्रावणाचा फवारा करतात किंवा केळ्याच्या वासाचं आयसोअमाइल अ‍ॅसिटेट सोडतात, आणि माणसाने साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवीकडे, वर-खाली, बोलणं, वाकणं असं एक-एक मिनिट करायचं असतं. चव किंवा वास आला की नापास. पण या चाचणीने १० पट संरक्षणापर्यंतचीच खात्री मिळते. फुल-फेस मास्कचा ५० चा आकडा खरा धरायचा असेल तर मास्कच्या आतले आणि बाहेरचे कण मोजणारं यंत्र लागतं आणि त्यावर किमान ५०० यावे लागतात. वर्षातून एकदा, आणि मास्कचं मॉडेल बदललं की पुन्हा. कंत्राटी कामगारांची ही चाचणी बहुतेक ठिकाणी राहून जाते, आणि सगळ्यात घाण कामाला तेच पुढे असतात. त्यांची आधी करा.

तोंडात तंबाखूचा बार धरून मास्क घालू नका. थुंकायला मास्क उचलावा लागतो आणि तो उचलला जातो तो नेमका वायूच्या मध्यावर. दमा, हृदयाचा त्रास किंवा बंद जागेत घाबरायला होत असेल तर आधी कारखान्याच्या डॉक्टरला सांगा; कार्ट्रिजमधून श्वास ओढायला जास्त ताकद लागते.

घालायची रीत

कार्ट्रिज लावण्याआधी मास्क हातात घेऊन बघा. काचेला तडा नाही ना, कड उलटी दुमडलेली नाही ना, पट्टे ताणल्यावर परत येतात ना. मग कार्ट्रिज जिथे बसते तिथे आत डोकावा. तिथे एक रबरी गॅसकेट असतं. मास्क धुताना ते निसटतं, बेसिनमध्ये वाहून जातं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ते नसेल तर कार्ट्रिज घट्ट फिरली असं वाटतं, पण हवा तिच्या बाजूने सरळ आत येते.

कार्ट्रिजची खाच मास्कच्या खाचेशी जुळवून पाव फेरा घड्याळाच्या दिशेने फिरवा, थांबेल तिथे थांबा. जोर लावून पुढे फिरवली तर अडकवायचे आकडे मोडतात.

आता सगळे पट्टे पूर्ण सैल करा. हनुवटी मास्कच्या खोबणीत टेकवा, मास्क चेहऱ्यावर दाबून धरा आणि पट्ट्यांची जाळी डोक्यावरून मागे ओढा. आधी मानेकडचे खालचे दोन पट्टे, दोन्ही हातांनी एकदम आणि सारखे, सरळ मागे ओढा. मग वरचे, नुसता सैलपणा जाईल एवढेच. वरचे आधी ओढले तर मास्क वर सरकतो आणि हनुवटीखाली फट पडते. फार आवळू नका. तासाभरात डोकं दुखतं आणि माणूस कामात पट्टा सैल करतो.

त्यानंतर दोन तपासण्या, दरवेळी, अपवाद नाही. पुढच्या उच्छ्वासाच्या झाकणावर तळवा ठेवून हलकेच श्वास सोडा. मास्क थोडा फुगला पाहिजे आणि कडेने कुठूनही वारा लागता कामा नये. मग दोन्ही कार्ट्रिजची तोंडं तळव्यांनी झाका, हळू श्वास ओढा आणि दहा सेकंद धरा. मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच राहिला पाहिजे. इथे तळवे हलके ठेवा. जोराने दाबले तर तुम्हीच मास्क चेहऱ्यावर दाबून धरता आणि गळका मास्कही पास होतो. गळत असेल तर मास्क थोडा सरकवून, पट्टे पुन्हा ओढून बघा. तरी गळत असेल तर त्या मास्कने आत जायचं नाही.

हेल्मेट घालायचं असेल तर ते तपासणीनंतर, आणि त्याचा हनुवटीचा पट्टा मास्कच्या बाहेरून.

काम करताना वास किंवा चव आली, डोळे चुरचुरले, गरगरलं, श्वास जड झाला, तर हातातलं काम सोडून बाहेर मोकळ्या हवेत या आणि तिथेच मास्क काढा. आत उभं राहून मास्क सारखा करायचा नाही, घाम पुसायला कड उचलायची नाही. एप्रिल-मेमध्ये घामाने कड घसरते, म्हणून कामाचे तुकडे छोटे करा आणि पाणी प्यायला बाहेर या. बाहेर आल्यावर आधी हातमोजे आणि मास्कची बाहेरची बाजू धुवा किंवा पुसा, मग मास्क काढा. आम्लाने भिजलेल्या हातमोज्याने पट्टा धरला तर तेच आम्ल मानेला आणि डोळ्याला लागतं.

धुणं

रोजच्या वापराचा मास्क पाळी संपली की धुवायचा. एकच मास्क दोन माणसं वापरत असतील तर प्रत्येकानंतर. खरं तर प्रत्येकाचा मास्क वेगळा, नाव घातलेला असावा. काही हजारांची ही वस्तू चार कंत्राटी कामगारांत वाटून वापरायला लावू नये.

कार्ट्रिज काढून बाजूला ठेवा. त्यांना पाणी लागता कामा नये. पुस्तिकेप्रमाणे नाकावरचा आतला कप, श्वास आत घ्यायचे पातळ व्हॉल्व्ह आणि पुढचं झाकण काढा. छोटे भाग एका वाटीत ठेवा म्हणजे हरवत नाहीत. पाणी ४३ अंशांपर्यंत, म्हणजे हाताला सुखद कोमट. त्यात थोडा साधा डिश वॉशचा द्राव टाका. मऊ करणारं तेल किंवा लॅनोलिन असलेला हँडवॉश नको. मऊ टूथब्रशने कड, खोबणी, व्हॉल्व्हची बैठक घासा. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल यांनी काच कधीही पुसू नका. ती पॉलिकार्बोनेटची असते. सॉल्व्हंटने धुरकट होते, बारीक तडे जातात आणि मग एखादा शिंतोडा जोरात आला तर फुटते. पेंट किंवा केमिकल काचेवर उडत असेल तर वरून लावायची पारदर्शक फिल्म मिळते, ती बदलत जा.

साबण धुऊन झाला की निर्जंतुक करा. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) ५ टक्क्यांचा असेल तर एक लिटर पाण्यात १ मिलिलिटर, दहा लिटरच्या बादलीत १० मिलिलिटर. कारखान्यातला १० ते १२ टक्क्यांचा हायपो असेल तर बादलीला ५ मिलिलिटरच. साधारण ५० पीपीएमचं हे द्रावण होतं. दोन मिनिटं बुडवा, जास्त नाही, आणि लगेच वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा. हायपो राहिला तर रबर कडक होतं आणि कपाळावर, गालांवर पुरळ येतं. अंदाजाने “थोडा जास्त” हायपो टाकायची सवय इथेच मास्क खराब करते.

सावलीत, हवा खेळती असेल तिथे, स्वच्छ कपड्यावर काचेची बाजू खाली करून वाळवा. स्टीम लाइनवर, बॉयलरजवळ, उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका.

आता उच्छ्वासाचा व्हॉल्व्ह. मास्क गळण्याचं एक नेहमीचं कारण इथे असतं आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच जातं. ही पातळ रबरी चकती बोटाने अलगद उचला. तिची कड सपाट हवी. मुरडलेली, चिकट झालेली किंवा फाटलेली असेल तर बदला. बैठकीवर केस, वाळलेली लाळ, पावडरचा दाणा, पेंटचा ठिपका आहे का ते बघा. एका केसाच्या जाडीची फट पुरते. श्वास ओढताना चकती पूर्ण बसत नाही आणि बाहेरची हवा कार्ट्रिज टाळून सरळ तोंडाशी येते. चकतीला तेल, ग्रीस, टाल्कम पावडर काही लावू नका. श्वास आत घ्यायच्या बाजूचा व्हॉल्व्ह हरवला तर दुसरी अडचण होते: ओला उच्छ्वास कार्ट्रिजमध्ये जाऊन कोळसा भिजतो. काचेवर आतून सतत वाफ धरत असेल तर आतला कप नीट बसलाय का, आणि तुमच्या मॉडेलमध्ये त्या कपाला छोटे व्हॉल्व्ह असतील तर ते जागेवर आहेत का, हे आधी बघा.

जोडून झाल्यावर मास्क घालून दोन्ही तपासण्या पुन्हा करा. व्हॉल्व्ह, गॅसकेट, पट्टे, कप हे सगळे सुटे मिळतात. मास्क घेतानाच दोन-चार संच घेऊन ठेवा, नाहीतर दोन रुपयांच्या वायसरने जुगाड होतो. सुटा भाग त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा लावायचा.

ठेवणं आणि टाकणं

मास्क पिशवीत किंवा डब्यात, आपल्या आकारात, वर काही वजन न ठेवता ठेवा. पट्ट्याने लटकवला की पट्टे लांबतात आणि कड वाकडी होते, आणि वाकडी झालेली कड पुन्हा सरळ होत नाही. सॉल्व्हंटच्या ड्रमांजवळ, पॅनेल रूमच्या खिडकीत उन्हात, गाडीच्या डिकीत नको. आणीबाणीसाठी भिंतीवरच्या पेटीत ठेवलेले मास्क महिन्यातून एकदा उघडून तपासा आणि पेटीवरच्या कार्डावर तारीख आणि सही घाला. सील लावलेल्या कार्ट्रिजची मुदत त्याच वेळी बघा.

वापरलेल्या कार्ट्रिज साध्या कचऱ्यात जात नाहीत. त्यांच्यात अडकलेलं केमिकल तसंच असतं, म्हणून त्या कारखान्याच्या घातक कचऱ्याबरोबर तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीसारख्या सामायिक प्रकल्पाकडे पाठवायच्या. टाकण्याआधी प्रत्येकीवर ऑइल पेंटने मोठी फुली मारा आणि अडकवायचे आकडे पक्कडीने मोडा. भंगारात साबूत गेलेली कार्ट्रिज पुसून पुन्हा कुणाच्या तरी मास्कवर चढू शकते.